बांध, उघाडी आणि उत्तरदायित्व : रायगड किनाऱ्यावरील खारजमिनींचा इतिहास

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांच्या काठाने जी सपाट भातजमीन पसरलेली दिसते, तिचा पुष्कळसा भाग निसर्गाने दिलेला नाही. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीला माती-दगडाचे बांध घालून तो माणसांनी मिळविलेला आहे. अलिबाग आणि पेण तालुक्यांतील धरमतर खाडीलगतचा जो टापू 'खारेपाट' या नावाने ओळखला जातो, तो या प्रयत्नाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. येथील शेतात उभे राहिले असता खाडीचे उधाणाचे पाणी कित्येकदा शेताच्या पातळीपेक्षा उंच असते, आणि शेत व समुद्र यांच्यामध्ये बांधाखेरीज दुसरे काहीही नसते.

कोकणच्या आर्थिक इतिहासात खोती, मुंबईकडे होणारे स्थलांतर आणि अलीकडच्या काळातील भूसंपादन या विषयांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बांधाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. वस्तुतः खारजमिनीचा इतिहास हा बांधाचा इतिहास आहे, आणि बांधाचा इतिहास म्हणजे त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली याचा इतिहास होय. प्रस्तुत लेखात या जबाबदारीच्या स्थित्यंतरांचा मागोवा घेतला आहे. त्यासाठी आधी या जमिनीतील चिखलाची घडण लक्षात घेणे आवश्यक आहे. कारण बांध केवळ खारे पाणी अडवितो असे नाही, तो जमिनीखाली काय घडावे आणि काय घडू नये हेही ठरवितो.

चिखलाची घडण

तिवराच्या मुळांशी साचणाऱ्या खाडीच्या गाळात समुद्राच्या पाण्यातून येणारे सल्फेट, नद्यांनी आणलेले लोह आणि पानगळीचा सेंद्रिय अंश हे तीनही घटक विपुल असतात. प्राणवायू न पोहोचणाऱ्या या गाळात सूक्ष्मजीव सल्फेटचे सल्फाइडमध्ये रूपांतर करतात आणि लोहाशी संयोग होऊन पायराइट, म्हणजे लोहमाक्षिक, तयार होते. खाडीचा चिखल उकरल्यावर जो काळा रंग आणि कुजट वास जाणवतो, तो या सल्फाइडयुक्त अवस्थेचाच. चिखल पाण्याखाली असेपर्यंत त्यातील पायराइट निरुपद्रवी असते. पाणी ओसरून हवा लागली की त्याचे ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल निर्माण होते. रासायनिक हिशेबाने एक टन पायराइटपासून सुमारे १.६ टन गंधकाम्ल तयार होऊ शकते. जमिनीत चुना किंवा अन्य अल्कधर्मी द्रव्य पुरेसे नसेल तर सामू चारच्या खाली उतरतो, मातीतील अ‍ॅल्युमिनियम आणि लोह विरघळते, आणि पहिल्या मोठ्या पावसाबरोबर ते आम्ल पाणी नाल्यांतून खाडीत उतरते. अशा जमिनींना मृदाशास्त्रात आम्लसल्फेट मृदा म्हणतात. पायराइट अद्याप पाण्याखाली सुरक्षित असेल तर ती 'संभाव्य', आणि आम्लनिर्मिती सुरू झाली असेल तर ती 'प्रत्यक्ष' आम्लसल्फेट मृदा समजली जाते.

हा प्रश्न प्रथम ध्यानात आला तो समुद्र हटविण्यात जगात अग्रेसर असलेल्या नेदरलँड्समध्ये. लिनियसने अठराव्या शतकातच तेथील अशा मातीची गंधकाम्लयुक्त चिकणमाती म्हणून नोंद केली होती. हार्लेमचे विस्तीर्ण सरोवर १८५२ मध्ये उपसून कोरडे करण्यात आले, तेव्हा त्याच्या तळाच्या काही भागांत पीक उभे राहीना. पुढे १८८० च्या दशकात व्हान बेमेलेन या रसायनशास्त्रज्ञाने त्या मातीतील आम्लाची मीमांसा केली. भारतात या मृदेचे प्रसिद्ध क्षेत्र म्हणजे केरळमधील कुट्टनाड. तेथील 'करी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्या जमिनी तीव्र आम्लधर्मी असून शेतकरी त्यांना वारंवार चुना देतात आणि पाण्याने धुऊन काढतात. वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कम येथे १९७० च्या दशकात खारे पाणी अडविण्यासाठी बंधारा झाला; त्याचे दरवाजे महिनोन्महिने बंद राहू लागल्यावर भरती-ओहोटीने होणारी नैसर्गिक धुलाई खुंटली, आणि शेतीला लाभलेले संरक्षण मासेमारीला बाधक ठरले.

रायगडच्या खारजमिनींचे स्वरूप कुट्टनाडसारखे नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. कोकणच्या किनारी जमिनींचा मुख्य दोष क्षार हा आहे. त्यांचा सामू बहुधा उदासीन ते किंचित अल्कधर्मी आढळतो. अंबा, पाताळगंगा, भोगावती, कुंडलिका या नद्या सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकातून उतरतात आणि कॅल्शियम व मॅग्नेशियमने युक्त असा गाळ आणतात. त्यात शिंपल्यांच्या चुन्याची भर पडते. निर्माण होणारे आम्ल या द्रव्यांमुळे पुष्कळसे शमते. केरळच्या नद्यांना बेसाल्टचा हा लाभ नाही. पण खाडीच्या चिखलात पायराइट घडविणारी प्रक्रिया दोन्हीकडे एकच आहे, आणि शमविण्याची शक्ती ही अमर्याद नसते. वरचा हात-दोन हात थर शेकडो पावसाळ्यांनी धुतला गेलेला असतो. त्याखालचा, कधीही हवा न लागलेला निळसर-काळा थर हा वेगळा विषय आहे. तो जोपर्यंत ओला आहे तोपर्यंतच त्याची चिंता नाही.

या दृष्टीने पाहिले असता जुन्या खारशेतीच्या काही रीतींना निराळा अर्थ प्राप्त होतो. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये खाऱ्या भातजमिनीचे वर्णन आहे. या जमिनीत नांगर घालीत नसत, खत देत नसत आणि रोपांची लावणीही करीत नसत. पावसाने जमीन पुरती भिजल्यावर चिखलात बी पेरीत, आणि पाणी साचून राहणाऱ्या सखल जागी भिजविलेले बी सरळ पाण्यात फेकीत. पीक येई ते तांबड्या भाताचे. गॅझेटियरकारांना हा काहीसा आळशी शेतीचा प्रकार वाटला असल्यास नवल नाही. परंतु जमीन न उलथणे आणि पावसाळाभर पाणी धरून ठेवणे यांमुळे वरचा क्षार धुतला जातो आणि खालचा थर हवेला उघडा पडत नाही. शेतकऱ्यांना पायराइटचे ज्ञान होते असे म्हणण्याचे कारण नाही. खोल नांगरले की जमीन 'बिघडते' एवढा अनुभव त्यांना पुरेसा असावा. काळा राता, भुरा राता या क्षारसहिष्णू वाणांची निवड याच अनुभवातून झाली. पुढे कृषी खात्याने आणि पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने या वारशावर काम करून सुधारित वाण दिले.

शिलोत्री

खारबंदिस्तीचे तंत्र साधे दिसते, परंतु ते अखंड दक्षतेवर अवलंबून असते. खाडीच्या बाजूने मोठा बांध, आत शेतांचे लहान बांध, आणि मोठ्या बांधात ठरावीक ठिकाणी 'उघाडी', म्हणजे पाणी सोडण्याचे दार. उघाडीची झडप खाडीच्या दिशेने उघडते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटते. झडपेत ओंडका अडकला, लाकूड कुजले, किंवा खेकड्यांनी बांधाला भोके पाडली की उधाणाच्या एका रात्रीत खांड पडते. पहिल्या दिवशी चार हातांची असलेली खांड आठवडाभर दुर्लक्षित राहिली तर येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याने ती रुंदावत जाते आणि मग गावच्या बळाने ती बुजविणे शक्य राहत नाही. एकदा खारे पाणी शेतात शिरले की ती जमीन पुन्हा पिकाखाली येण्यास बांध दुरुस्त झाल्यावरही काही पावसाळे जावे लागतात.

इतका मोठा भांडवली व श्रमाचा खर्च एकट्या कुळाच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यामुळे दलदल वहितीस आणण्यासाठी ऐपतदार व्यक्तीला सवलतीचा कौल देण्याची पद्धत मराठी राजवटीत रूढ झाली. प्रारंभी सारा माफ किंवा अल्प, आणि पुढे इस्ताव्याने, म्हणजे वर्षागणिक चढत्या दराने, आकारणी. पेण आणि अलिबाग भागांत या व्यवस्थेतून शिलोत्री हा विशिष्ट धारापद्धतीचा प्रकार निर्माण झाला. बाहेरचा मोठा बांध नीट राखणे हे शिलोत्रीदाराचे कर्तव्य, आणि त्याबद्दल बांधाआतील जमीन कसणाऱ्यांकडून सरकारी साऱ्याव्यतिरिक्त धान्याच्या रूपाने शिलोत्रीचा हक्क वसूल करणे हा त्याचा अधिकार. पेण परिसर १८१८ मध्ये इंग्रजांकडे आला, तर आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. इंग्रज सरकारने शिलोत्रीची पद्धत मोडली नाही. ज्या जमिनीचे अस्तित्वच बांधावर अवलंबून आहे, तिचा सारा बुडू नये हा त्यामागील स्वच्छ हिशेब होता. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या पद्धतीची दखल घेतलेली आढळते.

शिलोत्रीचे गुणगान करण्याचे काही कारण नाही. हक्क निश्चित होता, कर्तव्य मात्र शिलोत्रीदाराच्या मर्जीवर आणि सरकारी अंमलदाराच्या तपासणीवर अवलंबून होते. धान्य घेऊन बांध न राखणारा मालक ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. तरीही या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी पुढे हरवली : बांधाची जबाबदारी एका ओळखीच्या माणसावर होती आणि त्याचे उत्पन्न त्याच बांधाच्या आतून येत होते. बांध फुटला तर त्याचेही धान्य बुडत असे. याच्या जोडीला गावाची सामुदायिक श्रमाची रीत होती. खारेपाटात ती 'जोळ' या नावाने परिचित आहे : ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात त्याने माणसे किंवा वर्गणी द्यायची आणि सर्वांनी मिळून बांधाची डागडुजी करायची. गोव्याच्या खाजणांत हेच काम गावकऱ्या, म्हणजे कोमुनिदादी, करीत. तेथे उघाडीला 'मानस' म्हणतात, आणि तिच्यातून ओहोटीच्या पाण्याबरोबर येणाऱ्या मासळीचा लिलाव हे सार्वजनिक उत्पन्नाचे एक साधन होते.

चरीचा संप

जबाबदारीचा हा प्रश्न उघड संघर्षाच्या रूपाने प्रकट झाला तो अलिबाग तालुक्यातील चरी येथे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी जमीनमालकांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. हा संप १९३९ पर्यंत चालला. भारतातील शेतकरी चळवळीच्या इतिहासात इतका दीर्घकाळ टिकलेला संप विरळा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्याला पाठिंबा दिला, चरी येथे सभा घेतली, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागू पाटील यांनी 'कृषीवल' हे पत्र सुरू केले. अखेर १९३९ मध्ये तत्कालीन महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी चरीला भेट दिली, तडजोड घडून आली, आणि त्याच वर्षीच्या कूळ कायद्याने संरक्षित कुळाची संकल्पना अस्तित्वात आली.

या संपाचे विवेचन सामान्यतः खंड, वेठ आणि खोतीची जुलमी पद्धत यांच्या अंगाने केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण हा संप खारेपाटात झाला या गोष्टीचे महत्त्व त्यात पुरेसे आलेले नाही. घाटावरची जमीन न कसता सोडली तर ती पडीक राहते आणि संप मिटल्यावर पुन्हा नांगराखाली येते. खारजमीन पडीक राहत नाही. बांध राखला नाही तर ती समुद्राची होते. संपकरी कुळांपुढे सहा वर्षे हा पेच होता. ज्या जमिनीवर हक्क सांगायचा ती जमीनच संपाच्या काळात नाहीशी होण्याचा संभव होता, आणि मालकाच्या दृष्टीनेही प्रत्येक पावसाळ्यात नुकसान केवळ त्या वर्षीच्या पिकाचे नव्हते. दोन्ही पक्षांनी पत्करलेला हा धोका ध्यानात घेतला म्हणजे सहा वर्षांच्या निर्धाराचे खरे मोल कळते. पोटासाठी रानातील लाकूडफाटा विकणाऱ्या कुळांची हकीकत सर्वपरिचित आहे. बांधाची हकीकत तिच्याइतकीच सांगण्याजोगी आहे.

हक्क गेला, कर्तव्य कोठे गेले?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत खारजमिनीच्या मालकीचे चित्र कायद्यांच्या मालिकेने पालटून टाकले. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४९ चा खोती नष्ट करणारा अधिनियम, १९५५ चा कुलाबा जिल्ह्यापुरता शिलोत्री हक्क नष्ट करणारा अधिनियम, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कसणारा हा मालक झाला. चरीच्या लढ्याची ही न्याय्य परिणती होती. शिलोत्रीपुरता एका जिल्ह्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून ही पद्धत येथे किती खोल रुजली होती हे दिसते.

शिलोत्रीचा हक्क आणि बांध राखण्याचे कर्तव्य ही एकाच नाण्याची दोन अंगे होती. हक्क रद्द झाला तेव्हा कर्तव्यही आपोआप कोणाकडे तरी जाणे भाग होते. ही जाणीव कायदे करणाऱ्यांना नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. १९४८ च्या मुंबई खारजमीन अधिनियमाने खारजमीन विकास मंडळ स्थापन केले होते, आणि खारबंदिस्तीची कामे शासन व लाभधारक यांच्या खर्चाच्या भागीदारीतून करण्याची कल्पना त्यामागे होती. कल्पना विचारपूर्वक केलेली होती. ती ज्यांच्यावर अवलंबून होती ते लाभधारक मात्र आता एकदोन एकरांचे नवे मालक होते. त्यांच्यातील कर्ता पुरुष बहुधा मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत कामाला, आणि जोळीला माणूस देण्याऐवजी घरी राहिलेली वृद्ध माणसे व बायका शेत सांभाळणाऱ्या. वर्गणी थकू लागली, देखभाल मागे पडली.

१९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने ही भागीदारी मागे टाकून योजनांची जबाबदारी शासनाकडे घेतली. पेण येथील खारभूमी विकास विभाग ही रायगडमधील या कामाची मुख्य यंत्रणा झाली. शासनाच्या ताब्यातील योजनांत बांधांची उंची वाढली, दगडी अस्तर आले, लाकडी झडपांच्या जागी काँक्रीटच्या उघाड्या उभ्या राहिल्या. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे बांध पूर्वीच्या कोणत्याही बांधापेक्षा भक्कम होते. तथापि अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा आणि निधीची तरतूद ही वाट खांडीच्या रुंदावण्यापेक्षा सावकाश चालते. उधाण अमावास्या-पौर्णिमेचे असते, आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असे असते. शिवाय जी कामे सरकारी योजनेत समाविष्ट झाली नाहीत, ते खासगी बांध ना गावाच्या जोळीत राहिले ना खात्याच्या नोंदवहीत. येथे दोष अधिकाऱ्यांचा नसून रचनेचा आहे. उघाडीची झडप रोज दोनदा मिटली की नाही हे पाहणारा माणूस कार्यालयाच्या आस्थापनेत बसविणे कठीण असते. पूर्वी तो आपोआप बांधावर असे, कारण त्याचे भात बांधामागेच होते.

गोव्यातही याच काळात समांतर घटना घडली. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर खाजणांवरील कोमुनिदादींचा अधिकार संपत गेला आणि त्यांचे काम कुळांच्या संघटनांकडे आले. मानशीच्या मासळीचा लिलाव शेतीपेक्षा किफायतशीर ठरू लागला तेव्हा दार शेतीच्या वेळापत्रकाने नव्हे तर मासळीच्या वेळापत्रकाने उघडले जाऊ लागले, आणि शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. दोन्हीकडे कायदा न्याय्य होता. दोन्हीकडे दाराचा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

भराव, कोलंबी आणि कांदळवन

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि पनवेल-उरण परिसरातील खारजमिनी व मिठागरे नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. उरण तालुक्यात जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या शेतकरी आंदोलनात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील पाच आंदोलक गोळीबारात मृत्युमुखी पडले. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवून दलदलीवर भराव घालण्यात आला. दक्षिणेकडे १९८० च्या दशकापासून थळ, नागोठणे, डोलवी येथे मोठे कारखाने आले आणि धरमतर खाडीत बार्जची वाहतूक वाढली. या बार्जच्या लाटांनी बांध ढासळतात अशी खारेपाटातील शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

या सर्व व्यवहारांत 'खार' या शब्दाचा अर्थ नकळत पालटला. शेतकऱ्याच्या भाषेत तो जमिनीचा प्रकार होता. नियोजनाच्या भाषेत तो 'नापीक' या शब्दाचा पर्याय झाला. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या भूसंपादनाबाबत शेतकऱ्यांचा कौल मतपत्रिकेद्वारे घेण्यात आला, तेव्हा वादाचा गाभा हाच होता. धरणाचे पाणी शेतापर्यंत आले नाही म्हणून जमीन एकपीक राहिली, आणि एकपीक राहिली म्हणून ती कमी मोलाची ठरली. तो प्रकल्प पुढे साकार झाला नाही.

चिखलाच्या दृष्टीने या काळातील सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे खोल उत्खनन. शेतीने कधीही न दुखावलेला खालचा थर बंदराच्या गाळउपशाने, पाया खोदण्याने आणि कोलंबीच्या तळ्यांनी उघडा केला. खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा पाळण्याची परंपरा जुनी आहे, पण ती तळी लहान आणि बारमाही पाण्याची. व्यापारी कोलंबीशेतीत तळे दर हंगामानंतर उपसून उन्हात वाळवितात; पायराइटयुक्त मातीला नेमके हेच सोसत नाही. उकरलेला काळा गाळ बांधावर रचून वाळू दिला तरी परिणाम तोच. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात किनारी कोलंबीशेतीवर कडक निर्बंध घातले आणि २००५ मध्ये किनारी जलकृषी प्राधिकरणाचा कायदा झाला. खारजमिनीविषयीचे संशोधन मुख्यतः क्षार आणि क्षारसहिष्णू भात यांवर एकवटले, आणि शेतकऱ्याची तातडीची गरज तीच होती. परंतु त्यामुळे जमिनीत काय उगवते याचा जितका विचार झाला, तितका जमिनीतून पाण्याबरोबर काय बाहेर पडते याचा झाला नाही.

हा विचार न केल्यास काय होते याचा धडा ऑस्ट्रेलियाला १९८७ मध्ये मिळाला. न्यू साउथ वेल्समधील ट्वीड नदीच्या काठची पाणथळ जमीन उसासाठी खोल चर खणून कोरडी केलेली होती. दीर्घ अवर्षणानंतर मोठा पाऊस झाला आणि चरांतून उतरलेल्या आम्ल पाण्याने नदीच्या २३ किलोमीटर लांबीतील मासे मृत झाले. त्यानंतर त्या राज्याने किनारी जमिनींचे धोक्यानुसार नकाशे केले आणि खोदकामापूर्वी मातीची तपासणी बंधनकारक केली. क्वीन्सलँडमध्ये केर्न्सजवळ ईस्ट ट्रिनिटी येथे १९७० च्या दशकात बांध घालून उसासाठी कोरडी केलेली जमीन अशीच आम्लधर्मी झाली होती. २००० नंतर तेथे केलेला उपाय खारेपाटातील कोणत्याही शेतकऱ्याला सहज समजेल असा आहे : बांध काढला नाही, उघाडीची दारे बदलली, भरतीचे पाणी थोडे थोडे आत घेतले आणि जोडीला चुना दिला. पाणी पुन्हा जमिनीवर आले, आम्लनिर्मिती थांबली, तिवरे परतली.

तिवरे परतणे ही तेथे यशाची खूण ठरली. रायगडमध्ये तीच घटना शेतकऱ्याला निराळी दिसते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभरातील कांदळवनांना, खासगी जमिनीवरील कांदळवनांसह, संरक्षण दिले. मुंबईभोवती भराव टाकून होणारा कांदळवनांचा संहार पाहता ही पावले अपरिहार्य होती. परंतु जेथे खांड वेळेत बुजविली गेली नाही तेथे खारे पाणी शिरले, पाठोपाठ तिवराच्या बिया आल्या, आणि काही वर्षांत शेताचे वन झाले. असे शेत पुन्हा वहितीस आणणे म्हणजे संरक्षित वृक्षांची तोड ठरते. मृदाशास्त्राच्या दृष्टीने पाहता, पुन्हा पाण्याखाली गेलेला तो चिखल उकरून वाळविण्यापेक्षा तसाच राहणे श्रेयस्कर, असाही युक्तिवाद करता येतो, आणि तो निराधार नाही. मात्र तो युक्तिवाद ज्याच्या शेतावर लागू होतो त्याने ना झडप मोडली, ना खांड पाडली. शिलोत्रीच्या काळात बांध न राखणाऱ्या मालकाकडे बोट दाखविता येत असे. १९७९ नंतर जमीन गमावणाऱ्याला भरपाई कोणी द्यावी हा प्रश्न खारभूमी, महसूल आणि वन या तीन खात्यांमध्ये फिरत राहतो. अलिबाग-पेणच्या खाडीकाठी असे गट आहेत की ज्यांच्या सातबाऱ्यावर पीक म्हणून भात लिहिलेले आहे, आणि बांधावरून पाहिले तर दिसतात ती तिवरे व मधून वाहणारे भरतीचे पाणी. त्यांपैकी पुष्कळ जमिनींचे मालक चरीच्या संपात उतरलेल्या कुळांचे नातू-पणतू आहेत.